मेंढरांच्या चालीनं

रेवणप्पाचा जन्म वाटेवरचा. त्याची आई सांगायची, मादन हिप्परग्याच्या शिवारात एका शेतात मेंढरं बसवली होती. पहाटे वाघर काढताना, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावलेली जाळी गुंडाळताना, तिला कळा आल्या. शेतकऱ्याच्या बायकोनं आडोसा केला, गरम पाणी दिलं. मुक्काम दोन दिवस वाढला. तिसऱ्या दिवशी बाळ घोंगडीत बांधून मेंढरांचं खांड पुढं निघालं.

म्हणून की काय, चालणं हे त्याला कधी काम वाटलं नाही. घर निंबर्ग्यात होतं, पण घरात तो पावसाळ्यापुरता. येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी मार्गशीर्षातली अवस झाली, तुरी निघाल्या, की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं. आज याच्या शेतात बसवायची, उद्या त्याच्या. लेंड्यांचं खत शेताला, ज्वारी धनगराला. असं करत करत उन्हाळ्याच्या तोंडावर गाणगापूरच्या खाली भीमेच्या काठाला पोचायचं आणि मिरगाच्या आधी परत फिरायचं. लग्न झालं तेव्हा बाणूबाईला त्यानं घर दाखवलं नव्हतं, वाट दाखवली होती. पहिली काही वर्षं ती त्याच्या मागून चालली. मग पोरं झाली, पोरांची शाळा आली, आणि ती घरी राहिली. रेवणप्पा चालत राहिला. घाई म्हणून नाही. मेंढरू जसं चालतं तसा. दहा पावलं, मग थांबा. काठी टेकून, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून, उभ्या उभ्या दिवस काढायचा.

गेल्या पावसाळ्यात त्याचा दम तुटला. आधी चढावर, मग सपाटीवर. एक दिवस ओढ्याच्या काठावर त्यानं मेंढरांना हाळी दिली आणि ती तोंडातून बाहेरच पडली नाही. नुसती हवा निघाली. मेंढरं चरत चरत लांब गेली आणि तो खाली बसून राहिला. त्या दिवशी खांड बाणूबाईनं घरी आणलं.

नागराज, त्यांचा थोरला, कलबुर्गीत डाळीच्या गिरणीत कामाला. गावात अजून सगळे गुलबर्गाच म्हणतात. त्यानं बापाला तिथल्या दवाखान्यात नेलं. फोटो निघाले, फुंकायची नळी झाली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कडक झालीत. विडी, चुलीचा धूर, लोकरीची धूळ, वर्षानुवर्षं उघड्यावरचं गार वारं. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं सांभाळायचं. तोंडात ओढायचा पंप लिहून दिला आणि शेजारच्या खोलीत पाठवलं.

त्या खोलीत शिवकन्या नावाची मुलगी होती. लोकांना व्यायाम शिकवायची. तिनं गाव विचारलं, आणि मग कन्नड सोडून आपल्या बोलीवर आली.

"मी हिप्परग्याची, अप्पा. मादन हिप्परगा."

"माझा जलम तिथला," रेवणप्पा म्हणाला. "हरभऱ्यात."

ती हसली. मग तिनं नीट समजावलं. पाय चालले तर छाती चालेल. पण हिवाळाभर बाहेर नाही. सकाळचं धुकं नको, तुरीची रास चालू असताना उडणारा भुसा तर अजिबात नको.

"मग घरात चालू का? चार पावलांवर भिंत येती."

"सायकल मारा. एका जागची. स्टँडवर लावून. रोज मारायची. आधी थोडी, मग वाढवत न्यायची. दम लागला पायजे, पण बोलता आलं पायजे."

"एका जागची सायकल," रेवणप्पा नागराजला म्हणाला. "म्हंजे घाण्याचा बैल."

"बैलाला तरी तेल निघतंय," नागराज म्हणाला.

शिवकन्या गंभीर झाली. "हसू नका. पायाचं काय अवघड न्हाई, मनाचं अवघड हाय. हिवाळ्यात चार दिवसांत लोक सोडून देतेत. तुमी मन कशात तरी गुंतवा, अप्पा. गाणी ऐका, टीव्ही लावा. कायबी करा, पण मन गुंतवा."

परतताना एसटीत नागराजनं बोलायचं ते बोलून घेतलं. तो कठोर नव्हता. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "शिमगा झाला की गावाजवळ चारा ऱ्हात न्हाई. मेंढरं नदीला न्यावी लागतील. माय एकली जाणार न्हाई, मी जाऊ देणार न्हाई. तुमी शिमग्यापतोर मेंढरांमागं ओढ्यापलीकडं चालून दाखवा. मग खांड ऱ्हाऊ दे. न्हाईतर व्यापारी बोलवतो."

रेवणप्पानं मान हलवली. अट वाकडी असती तर भांडता आलं असतं.

सायकल धाकट्या लेकीची, रेणूची होती. आठवीत सरकारनं सगळ्या पोरींना दिलेली. रेणू आता आळंदच्या कॉलेजात जायची, बसनं. सायकल मागच्या अंगणात गंजत होती. नागराजनं तिला लोखंडी घोडा जोडून आणला. मागचं चाक अधांतरी राहिलं. चाकावर घासेल अशी रबरी ट्यूबची पट्टी ताणून बांधली, म्हणजे पायांना जोर लागावा. सायकल ठेवली मागाच्या खोलीत. रेवणप्पाचा बाप तिथं घोंगड्या विणायचा. माग मोडून जमाना झाला होता. खड्डा बुजवून वर शहाबादी फरशी टाकली होती, पण मागाचा दोर जिथं घासायचा तिथं भिंतीत खाचा अजून होत्या. सायकलवर बसलं की त्या खाचा बरोबर डोळ्यांसमोर यायच्या.

पहिल्या दिवशी त्यानं सायकल मारली. दुसऱ्या दिवशीही. पाय फिरत होते, चाक फिरत होतं, भिंत तिथंच होती. गुडघे भरून यायचे, छातीत शिट्टी वाजायची. रेणूनं मोबाईलवर कन्नड गाणी लावून दिली. गाणं संपलं की तो थांबायचा. आठवडा उलटला नाही तोच सायकलच्या हँडलवर बाणूबाईचं लुगडं वाळत पडलं. नागराजचा फोन आला की तो म्हणायचा, मारली. आणि फोन ठेवून भिंतीकडं तोंड करून झोपायचा.

बाणूबाई सकाळी खांड घेऊन बाहेर पडायची. पाऊणशे-ऐंशी मेंढरं. तिचे गुडघे दुखायचे, एका डोळ्याला मोतीबिंदू होता, तरी गावाभोवतालचं रान तिला जमायचं. एका सकाळी धुकं फार होतं. मेंढरं अंगणातून निघाली ती दिसली नाहीत, फक्त त्यांच्या खुरांचा पावसासारखा आवाज आणि मेंढ्याच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. घंटा बोळातून वळली, मारुतीपाशी गेली, मग विरत गेली. रेवणप्पा उठून मागाच्या खोलीत गेला. लुगडं काढून सायकलवर बसला. आणि त्याच्याही नकळत हळूच म्हणाला, "हुर्र... हा."

पाय फिरले. खांड मारुतीपाशी गेलं तसा तोही गेला. बोरीच्या झाडाखाली मेंढरांनी माना घातल्या तसे त्याचे पाय थांबले. चरून झाल्यावर पुन्हा फिरले. ओढा आला. ओढ्यापलीकडं बाणूबाई आणि तिचं खांड डावीकडं वळणार होतं, पण तो वळला नाही. तो सरळ गेला. दरवर्षीच्या वाटेनं.

त्या दिवसापासून सायकल बंद पडली नाही.

न्याहारी झाली की तो बसायचा ते पार जेवणापर्यंत. जेवून परत बसायचा. बाणूबाई संध्याकाळी घरी यायची, मेंढरं आत घालायची, चुलीपाशी बसायची. धूर नको म्हणून तो उंबऱ्यात बसायचा, घोंगडी पांघरून. तिथून दोघांचं बोलणं चालायचं.

"आज कुठवर गेलाव?"

"पाटलाच्या विहिरीपतोर. विहिरीत पाणी हाय. गुळ्याच्या शेतात मेंढरं बसवलीत."

"ज्वारी किती देतो म्हणला?"

"तो काय देणार, मागल्या साली कोंडा दिल्ता."

बाणूबाईला हसू यायचं. पावसाळ्यापासून हे माणूस असं बोललं नव्हतं. मग ती आपली बातमी सांगायची. कोणती मेंढी व्याली, कोणतं कोकरू दूध धरेना. तो ते लक्ष देऊन ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खांडातही ते कोकरू असायचं. त्याला तो खांद्यावर घ्यायचा. खरोखर एक खांदा वर व्हायचा.

येळवसेला सगळं गाव शेतात गेलं. बाणूबाई भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे घेऊन रेणूबरोबर शेताकडं निघाली. नागराजही आला होता. "अप्पा, मोटारसायकलवर बसा, हळूच नेतो," म्हणाला. त्या दिवशी वारं होतं आणि शेजारच्या रानात तुरीची रास पडली होती. रेवणप्पा नको म्हणाला. घर रिकामं झालं, गाव रिकामं झालं. कुत्रीसुद्धा शेतात गेली होती. रेवणप्पा सायकलवर बसला आणि आपल्या वाटेवर त्यानं येळवस केली. कोणाच्या तरी शेतात कडब्याच्या खोपीपाशी तो थांबला, त्याला हाक मारून जेवायला बसवलं, आंबील दिली. मेंढरं सावलीला बसली होती. दुपारी नागराज डब्यात भज्जी घेऊन आला तेव्हा बाप सायकलवर होता, कपाळावर घाम होता, डोळे मिटलेले.

"अप्पा, सणाच्या दिवशी बी?"

"सणाला मेंढरं उपाशी ऱ्हातेत व्हय?"

नागराजला ते कळलं नाही. पण घाम दिसला. गिरणीत जाऊन त्यानं सगळ्यांना सांगितलं, आमचा म्हातारा दिवसभर सायकल मारतो, तुम्हा जवानांना लाज वाटावी. रोज संध्याकाळी फोन यायचा.

"मारली का?"

"मारली की."

"किती येळ?"

"दिवसभर. विचार तुझ्या मायला."

आणि बाणूबाई फोनवर म्हणायची, "व्हय रे, दिवसभर."

पण बाणूबाईला माहीत होतं. पौष सरत होता. एक दिवस तिच्या पायात काटा मोडला म्हणून तिनं खांड लवकर परत आणलं. मागाच्या खोलीत चाकाचा आवाज नव्हता. तिला वाटलं झोपला असेल. आत डोकावली तर तो सायकलवर होता. एक पाय पायडलवर, दुसरा खाली सोडलेला, हातांवर हनुवटी टेकलेली. शेतात काठीवर टेकायचा अगदी तसा. बराच वेळ ती दारात उभी राहिली. चाक हललं नाही.

"थांबलाव कामून?"

त्यानं दचकून वर पाहिलं आणि मग हसला. "पाणी प्यायलीत."

ती बाहेर येऊन पायातला काटा काढत बसली. थोड्या वेळानं आत चाक फिरलं. चार-दोन फेऱ्या. परत थांबलं. असं किती वेळ चालायचं हे तिला त्या दिवशी कळलं. तिला हेही कळलं की डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं हे नव्हे. सांगावं असं तिच्या मनात आलंही. पण सांगितलं तर काय उरलं असतं? भिंतीकडं तोंड करून झोपलेलं माणूस. संध्याकाळी नागराजचा फोन आला, तेव्हा ती म्हणाली, "व्हय, दिवसभर."

त्याच आठवड्यात काळ्या कानाची म्हातारी मेंढी मेली. फुगली आणि गेली. खांडात ती सगळ्यांत पुढं चालायची. बाणूबाईनं ते उंबऱ्यातल्या माणसाला सांगितलं. त्यानं घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली. मग म्हणाला, "माझ्याकडं हाय ती. सकाळीच बघितली. खाली गवताकडं बी बघत न्हाई, पुढंच चाललीय."

बाणूबाईनं भाकरी थापायचा हात थांबवला नाही. त्याला तिच्याकडची मेंढी मेलेली आवडली नव्हती, एवढंच ती समजली.

माघात दवाखान्यात जायची तारीख होती. रेवणप्पा नवं धोतर नेसून, टोपी घालून गेला. बाणूबाईही गेली. मेंढरं त्या दिवशी शेजारच्या गंगव्वाकडं सोपवली. एसटीतून उतरून दवाखान्याच्या पायऱ्या चढताना तो दोनदा थांबला. नागराजनं ते पाहिलं. हवा गार असेल, एसटीत गर्दी होती, असं काहीतरी त्यानं मनाशी म्हटलं असावं.

शिवकन्यानं त्याच्या बोटाला चिमटा लावला आणि लांब व्हरांड्यात चालायला सांगितलं. इकडच्या खांबापासून तिकडच्या खांबापर्यंत, परत, परत. थांबावंसं वाटलं तर थांबा, म्हणाली. रेवणप्पा निघाला. तो चांगला निघाला. मान ताठ. पण दुसऱ्या फेरीला त्याचे खांदे वर चढले, तिसऱ्या फेरीला खांब धरला. ओठ निळसर झाले. शिवकन्यानं खुर्ची आणली. बोटावरचा आकडा बघून तिनं जुना कागद काढला.

"आधीपेक्षा कमी आलंय," ती म्हणाली. "अप्पा, सायकल मारली न्हाई का?"

"दिवसभर मारलीय," नागराज पुढं झाला. "दिवसभर, म्याडम. सण न्हाई, सोमवार न्हाई."

"दिवसभर?" तिनं रेवणप्पाकडं पाहिलं. त्याला दम खाऊ दिला. मग कोपऱ्यातल्या व्यायामाच्या सायकलवर बसवलं. "कशी मारता ते दाखवा बरं."

रेवणप्पानं पाय ठेवले. त्या सायकलसमोर भिंतीतल्या खाचा नव्हत्या, खिडकी होती, खिडकीबाहेर रिक्षा. त्यानं डोळे मिटले. हळूच "हुर्र" म्हणाला. पाय फिरले, सात-आठ फेऱ्या, सावकाश. मग थांबले. त्यानं मान वळवून मागं पाहिलं, शेवटचं कोणी राहिलं का म्हणून. हनुवटी हातावर टेकली. खोलीत सगळे उभे. बराच वेळ गेला. परत पाच-सहा फेऱ्या. परत थांबला.

"थांबता कशाला, अप्पा?"

"चरायलीत की."

"कोण?"

रेवणप्पानं डोळे उघडले. सगळ्यांकडं पाहिलं. नागराजकडं पाहायचं टाळलं. मग म्हणाला, "तुमीच म्हणलं, मन गुंतवा."

शिवकन्याला सगळं कळायला वेळ लागला नाही. ती रागावली नाही. स्टूल ओढून त्याच्या समोर बसली आणि अगदी हळू बोलली. छातीला जोर लागलाच नाही, अप्पा. दिवसभर बसलात, पण दम लागायच्या आत थांबलात. थांबून थांबून मारलेली सायकल ही बसण्यासारखीच. हिवाळा गेला.

"मी मेंढरांमागं चालायसाठी मारायलो," रेवणप्पा म्हणाला. "मेंढरं पळत न्हाईत."

तिनं स्टूल मागं सारलं. "आता तरी न थांबता मारा," एवढंच म्हणाली. "थोडाच येळ मारा, पण थांबू नका. सोबत कुणी नको."

परतीच्या एसटीत नागराज आईशेजारी बसला. बाप पुढच्या बाकावर झोपला होता.

"तुला दिसलं न्हाई कधी?"

बाणूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"माय."

"दिसलं."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"बोलायला लागला हुता तो," बाणूबाई म्हणाली.

नागराजनं तोंड वळवलं. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागली होती, एसटी तिच्या मागं मुंगीच्या पावलानं चालली होती.

शिमग्याला थोडे दिवस होते. रेवणप्पानं सांगितलं तसं करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तो सायकलवर बसला, हुर्र म्हणाला नाही, आणि पाय फिरवले. बोरीपाशी मेंढरांनी माना घातल्या. तो थांबला नाही. छातीत शिट्टी वाजली, पाय जड झाले, तो फिरवत राहिला. ओढा आला आणि गेला. त्यानं मागं वळून पाहिलं. खांड बोरीपाशीच होतं, लहान, पांढरट, मुठीत मावेल एवढं. काळ्या कानाची तेवढी थोडी पुढं आली होती आणि उभी राहून त्याच्याकडं बघत होती. त्यानं पाय थांबवले नाहीत. डोळ्यांत पाणी आलं ते दमामुळं असेल.

रोज असंच. रोज मेंढरं आधीच्या दिवसापेक्षा लवकर मागं पडायची. चार-पाच दिवसांत वाटेवर कोणीच उरलं नाही. फक्त वाट, आणि मग वाटही नाही. भिंत, भिंतीतल्या खाचा. संध्याकाळी उंबऱ्यात बाणूबाईनं विचारलं, कुठवर गेलाव. तो म्हणाला, "आज पाय दुखायलेत."

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी नागराज आला. सकाळी ऊन चढल्यावर, धुकं नव्हतं तेव्हा, मेंढरं सोडली. बाणूबाई पुढं, खांड मध्ये, रेवणप्पा मागं, काठी घेऊन. मागून मोटारसायकल ढकलत नागराज आणि रेणू. बोळातल्या बायका दारात आल्या. गंगव्वा म्हणाली, "निघाले का नदीला, रेवणप्पा?" तो हसला. दम वाचवायचा म्हणून बोलला नाही.

मारुतीपर्यंत तो नीट गेला. मेंढरांच्या चालीनं जायचं होतं ना. थांबत, परत चालत. ही त्याचीच चाल होती. तिथं त्यानं पंप ओढला. पण गावाबाहेर आल्यावर मेंढरं पळाली. शिमग्याच्या सुमाराला गावाजवळ गवत उरत नाही. जे काही खुरटं असतं ते ओढ्यापाशी, आणि उपाशी खांड त्या वासानं सुटलं. बाणूबाईनं पुढून आवाज दिला, "हुर्र हा, हा", आणि खांड तिच्या आवाजामागं वळलं. हिवाळाभर त्यांनी तोच आवाज ऐकला होता. रेवणप्पानं हाळी द्यायला तोंड उघडलं. मेंढ्यानं एकदा मान वळवून पाहिलं आणि पुढं गेला.

बोरीच्या झाडापाशी रेवणप्पा बसला. झाडाला टेकून, पाय पसरून. ओढा तिथून दिसतो. ओढ्याच्या पलीकडं खांड चढताना दिसलं. धूळ उडाली आणि बसली.

नागराज गाडी स्टँडवर लावून शेजारी येऊन बसला. 

"आजून थोडं बसून जाऊ म्हणतो," रेवणप्पा म्हणाला. "जाता येईल."

"न्हाई, अप्पा."

"व्हय," रेवणप्पा म्हणाला आणि काठी खाली आडवी ठेवली.

व्यापाऱ्याचा ट्रक दोन दिवसांनी आला. मेंढरं फळीवर चढेनात. कोणी दोर ओढला, कोणी ढकललं. शेवटी बाणूबाई स्वतः फळीवरून ट्रकात चढली, आतून "हा, हा" म्हणाली, आणि एकेक करून सगळी तिच्यामागं आत गेली. ती मेंढरांतून वाट काढत खाली उतरली तेव्हा तिच्या लुगड्याला लोकर चिकटली होती. ट्रक गेल्यावरही तिनं ती झटकली नाही.

बिरप्पाला सोडलेला एक मेंढा तेवढा राहिला. देवाचं मेंढरू विकत नाहीत. तो अंगणात खुंट्याला बांधला. सोडला तरी एकटा बाहेर जाईना. दारापर्यंत जायचा आणि परत यायचा.

उन्हाळा लागला आहे. शिवकन्यानं सांगितल्याप्रमाणे सायकल सोडायची नाही, गेलेलं परत येत नाही पण उरलेलं सांभाळायचं, म्हणून रेवणप्पा रोज सकाळी मागाच्या खोलीत बसतो. आता तो बरोबर मारतो. दम लागतो, बोलता येतं, थांबत नाही. नागराजचा फोन आला की खरंच सांगतो. छाती आधीपेक्षा जराशी बरी आहे, असं मागच्या वेळी दवाखान्यात म्हणाले. घरातल्या घरात फिरायला पुरेल.

बाणूबाईला आता दिवसभर घरी काम नसतं. ती दारात बसून डाळ निवडते. चाकाचा आवाज एकसारखा येत राहतो, कुठं थांबत नाही. एकदा न राहवून तिनं आत विचारलं,

"कुठवर गेलाव?"

आत पाय तेवढे फिरत होते.

"हितंच हाय की," रेवणप्पा म्हणाला.